सोललेले झिंगे

रविवार, ९ नोव्हेंबर २०१४

प्राजक्ताने शेवटी तारीख सांगितली. ३० तारखेचा रविवार, दुपारी एक. तिला ज्याच्याशी लग्न करायचंय त्या कार्तिकचे आईवडील आंध्रातल्या भीमावरमहून कुणाच्या तरी लग्नाला हैदराबादला येणार आहेत, तेव्हाच आमचीही भेट. मी म्हटलं, घरी बोलव की. तर म्हणते, "घरी नको आई. पहिल्यांदा बाहेर. न्यूट्रल."

न्यूट्रल! जशी दोन राज्यांच्या वाटणीची बैठक आहे.

जागाही दोघांनी ठरवूनच ठेवलीय. जुबिली हिल्सला नवीन हॉटेल उघडलंय, केजन म्हणतात त्या जेवणाला. अमेरिकेतल्या कुठल्या तरी दलदलीच्या मुलखातलं. झिंगे, खेकडे, मक्याची कणसं, बटाटे, सगळं एका पिशवीत तिखट मसाल्यात शिजवतात आणि टेबलावर कागद अंथरून त्यावर ओततात. ताट नाही, वाटी नाही. मधल्या ढिगातून ज्याने त्याने हाताने खायचं.

"सगळ्यांनी एकाच ढिगातून?"

"हो. तीच तर मजा."

मिलिंद पेपर वाचत होते. लेकीचं हे ऐकल्यावर बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ऑफिसात पुन्हा फॉर्म. आंध्र आणि तेलंगण अशी राज्यं जूनमध्ये दोन झाली, ऑफिस अजून नामपल्लीच्या एकाच इमारतीत. कोण इथे राहणार, कोण तिकडे जाणार, त्याची कच्ची यादी निघायची आहे. मग हरकती. मग पक्की.

माझ्या सर्व्हिस बुकात 'मूळ गाव' या रकान्यात बाबांचं गाव लिहिलंय, नांदेड जिल्हा. चोवीस वर्षांची होते, कारकुनाने विचारलं, मी सांगितलं. कुणाला माहीत होतं त्या एका ओळीवर पुढे काही अडेल? जन्म इथला, शाळा इथली, संसार इथला. आता इकडचे म्हणतात, "मॅडम, तुम्ही तर महाराष्ट्रावाले." तिकडचे म्हणतात, "तुम्हाला कायकू टेन्शन, तुम्ही इथल्याच." दोघांच्याही हिशेबात मी दुसऱ्याची.

विजया गुंटूरची. शेजारचं टेबल, एकोणीस वर्षं. तिचं जाणं नक्की धरून चाललोय. आज ड्रॉवर आवरत होती. मी म्हटलं, अजून यादी कुठे आलीय. म्हणाली, "यादी यायच्या आधी आवरलं की रडू कमी येतं."

रविवार, १६ नोव्हेंबर

मिलिंदना काल अचानक सुचलं. "आपण दोघं एकदा जाऊन बघून येऊ. त्या दिवशी सगळ्यांसमोर फजिती नको." प्राजक्ताला सांगितलं नाही. ती मैत्रिणीकडे गेली होती. आम्ही चोरासारखे ऑटोने जुबिली हिल्सला.

आत गेल्यावर मिशीवाल्या वेटरने आमच्या गळ्यात प्लास्टिकची लाळेरी बांधली. खरंच लाळेरी, लहान मुलांना बांधतात तशी, त्यावर लाल खेकडा काढलेला. मिलिंद नको नको म्हणत होते, मग बांधून घेतलं. मी इतकी हसले की शेजारचे बघायला लागले. हातमोजे, अडकित्त्यासारखं एक हत्यार, लाकडी हातोडी. मग पिशवी आली आणि त्याने ती कागदावर उलटी केली. वाफ, लोणी, लसूण, तिखट. रस्सा ओघळत माझ्याकडे आला तर मी खुर्ची मागे घेतली.

चव? चांगली होती. आपल्या मसाल्याच्या वळणाची, पण लोण्याने गुळगुळीत केलेली.

मिलिंदनी हत्यार बाजूला ठेवलं आणि खेकड्याची नांगी दाताखाली धरून एका दमात फोडली. मी बघतच राहिले. एकतीस वर्षांत त्यांना खेकडा खाताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आई ओढ्यातले धरून आणायची. निखाऱ्यावर भाजायची. शाळेत जाताना मी मातीने हात घासायचो, वास जावा म्हणून." मग, "इथे बघ, लोक गाड्या करून येतात."

घराशी ऑटोतून उतरताना म्हणाले, "त्या दिवशी मी हत्यारानेच फोडीन."

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज स्फोट झाला. व्हायचाच होता.

प्राजक्ता ऑफिसातून आली, चहा घेतला, आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आई, एक रिक्वेस्ट आहे. त्या दिवशी आपलं… ते आपण बुद्धिस्ट वगैरे, तो विषय नको काढूस."

"वगैरे म्हणजे?"

"तुला कळतंय. त्यांनी विचारलं नाहीये. कार्तिकला माहितीय, त्याला काही फरक पडत नाही. आपल्या आडनावावरून इथे कुणाला काही कळत नाही. मराठी म्हटलं की संपलं."

"कार्तिकने घरी का नाही सांगितलं?"

"सांगेल ना. लग्न झाल्यावर."

मी म्हटलं, लग्नानंतर काय सांगेल? की तुमच्या स्वयंपाकघरात चार महिने जी वावरली ती कोण? ती ओरडली. मीही ओरडले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर सकाळची फुलं. ३० तारखेला घरी का नको, ते मला आत्ता उमजलं.

मिलिंद म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे. कशाला आपण होऊन?"

भात करपला.

रविवार, २३ नोव्हेंबर

तीन दिवस घरात भांड्यांचेच आवाज.

प्रा.ला वाटतं मी हट्टी आहे. तिला एक गोष्ट कधी सांगितली नाही, इथे लिहिते.

विजया नवीन आली तेव्हा तिसऱ्या दिवसापासून आमचा डबा एक झाला. तिची गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी, माझी ज्वारीची भाकरी. मी मराठी म्हणजे कोण, तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, असं मी मनाशी म्हणायचे, पण डबा उघडताना रोज आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. तीन महिने. मग बढतीची यादी बोर्डावर लागली, नावापुढे वर्ग: एस्सी. दुसऱ्या दिवशी विजयाने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून डबा खाल्ला.

दोन वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. मग तिच्या आईच्या आजारपणात मी रक्त दिलं, त्यानंतर एक दिवस तिने खुर्ची परत फिरवली. रडत म्हणाली, "तू आधी सांगितलं असतंस तर मी तेव्हाच ठरवलं असतं." म्हणजे काय ठरवलं असतं? मी आजवर विचारलं नाही.

पण ते तीन महिने मला नको आहेत. माझ्या पोरीला तर जन्मभर नकोत.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कच्ची यादी आली. इंटरनेटवर. नाव, जन्मतारीख, मूळ गाव, वर्ग, कुठले स्थानिक. माझ्यापुढे: दोन्हीकडची नाही. म्हणजे कुठेही टाकू शकतात. विजया: तिकडे. तिने एकदा वाचलं आणि स्क्रीन बंद केला.

हरकत द्यायला शाळेचे दाखले लागणार. चौथीपर्यंतची मराठी शाळा बंद पडलीय, दाखला कुठून आणू?

घरी प्रा.ने यादी लॅपटॉपवर बघितली. माझ्या ओळीवर बोट ठेवून, "हे कुणीही बघू शकतं?"

"हो."

तिने लॅपटॉप मिटला. मग, "कोण बघतंय असल्या याद्या." पण आवाज गेला होता तिचा.

रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळ

निळी साडी काढली. डाग पडला तरी दिसू नये अशी. प्रा. आत येऊन म्हणाली, "छान दिसतेस." मग माझा पदर नीट करत हळूच, "प्लीज, आई."

मी म्हटलं, विषय मी काढणार नाही.

हे कबूल केलंय. विषय मी काढणार नाही.

सोमवार, १ डिसेंबर

आज रजा टाकली. सगळं जसं झालं तसं लिहून काढते, नाहीतर डोक्यात घुमत राहील.

पहिला अर्धा तास इतका छान गेला की मला वाटलं मी उगीच जीव जाळत होते. सुब्बारावगारू, कार्तिकचे वडील, उंच, रापलेले, झिंग्यांचे तलाव आहेत त्यांचे. आई पद्मावतीगारू, रेशमी साडी, त्यावर ते लाळेरं बांधताना स्वतःच खळखळून हसल्या. मला म्हणाल्या, "या वयात आपल्याला कुणीतरी भरवायला हवं." त्यांचं तेलुगू वेगळ्या लयीचं, पण मला सगळं समजतं. मिलिंदना निम्मं.

पिशव्या ओतल्या. सहा माणसं, मध्ये एक ढीग. सुब्बारावगारूंनी पहिला झिंगा उचलून उजेडात धरला, शेपटी दाबून बघितली. "हा आमच्याकडचा नाही. आणि बर्फात बरेच दिवस काढलेत याने." वेटर बिचारा ओशाळला. मी झिंगा सोलताना चाचपडतेय हे बघून त्यांनी मला दाखवलं, डोकं असं पिळायचं, पाठीवरून अंगठा असा घालायचा, काळी शीर एका ओढीत बाहेर. "इतकी वर्षं हैदराबादेत, आणि झिंगा सोलता येत नाही?" सोललेला झिंगा त्यांनी प्रा.च्या पुढ्यात कागदावर ठेवला. "तिनु अम्मा." खा गं पोरी. मग दुसरा. तिसरा. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली तिखट आहे.

मिलिंद अडकित्त्याने खेकडा फोडत होते. टकटक. नीट जमत नव्हतं.

मग सुब्बारावगारूंनी विचारलं, "मीदि ए ऊरंडी?" तुमचं गाव कुठलं. आजकाल सगळं शहर सगळ्यांना हेच विचारतं. मिलिंद म्हणाले, नांदेड.

पद्मावतीगारू म्हणाल्या, "पोरगी इतकी शिकलेली, मला वाटलं ब्राह्मण असाल."

सुब्बारावगारू हसले. "ब्राह्मण असा खेकडा चोखतो का?" आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

"मग आमच्यासारखी शेतीवाडी?"

मिलिंद म्हणाले, "हो… गावाकडे शेती होती." शेती होतीच. दुसऱ्याची. सासूबाई तिथेच राबल्या. टेबलाखाली प्रा.चा पाय माझ्या पायावर आला आणि तिथेच राहिला.

मी गप्प बसले. हे लिहून ठेवते. मी गप्प बसले होते. कणसाचा तुकडा घेतला आणि म्हटलं, जाऊ दे.

पण पद्मावतीगारूंना बरं वाटलं आणि त्या मोकळ्या झाल्या. माझ्याकडे वाकून, बाई बाईला सांगते तसं म्हणाल्या, "चांगलं झालं. या शहरातल्या पोरांचं काही सांगता येत नाही. आमच्या जावेच्या मुलाने एस्सी मुलगी केली. दोन वर्षं झाली. वागायला चांगली आहे हो, पण त्या घरचं पाणी आम्ही अजून…" आणि हाताने असं बाजूला सारल्यासारखं केलं. हातमोज्यावरून रस्सा गळत होता.

कार्तिक म्हणाला, "अम्मा." तेवढंच.

मी म्हटलं, "मेमु एस्सीलमंडी." आम्ही एस्सी.

आवाज माझाच होता. मोठा नव्हता. पुढे सांगितलं, आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली. त्याआधीचे महार. माझी नोकरी त्याच कोट्यातली आहे आणि मी ती चांगली केली. मुलगी तुमच्या मुलाइतकीच शिकलीय. तुमच्या मुलाला हे तीन वर्षांपासून माहीत आहे.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते पोरावर टाकल्यासारखं झालं.

मागच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस, टाळ्या चालल्या होत्या. पद्मावतीगारूंनी हातमोजे काढले. एकेक बोट ओढून, सावकाश. उठल्या, हात धुवायची जागा विचारली. कार्तिक त्यांच्यामागे गेला. बराच वेळ आले नाहीत.

सुब्बारावगारूंनी एक झिंगा उचलला. सोलला. कागदावर ठेवला, स्वतःच्या पुढ्यात. मग दुसरा. कुणाकडे बघत नव्हते. खातही नव्हते, कुणाला देतही नव्हते. डोकं पिळायचं, अंगठा घालायचा, शीर काढायची, ओळीत ठेवायचा. मी मोजले नाहीत.

मला अजिबात भूक नव्हती. तरी मी ढिगातून बटाटा घेतला आणि खाल्ला. मग कणीस. मी हात मागे घेतला असता तर त्याचा अर्थ वेगळाच झाला असता. मिलिंदनी ते अडकित्त्यासारखं हत्यार खाली ठेवलं, उरलेला खेकडा हातात घेतला आणि दातांनी फोडला. आम्ही दोघं खात राहिलो. प्रा. समोरच्या तीन झिंग्यांकडे बघत बसली होती.

मायलेक परत आले. पद्मावतीगारू बसल्या नाहीत. सुब्बारावगारू उठले, हातमोजे काढायचेही राहिले, तसेच हात जोडले. "वस्तामंडी." येतो.

वेटरने कागदाची चार टोकं धरली आणि सगळं एकदम उचलून नेलं. टरफलं, कणसं, आणि ती सोललेल्या झिंग्यांची अख्खी ओळ.

ऑटोत प्रा. म्हणाली, "झालं समाधान?" बस्स. घरी येऊन बॅग भरली, कोंडापूरला मैत्रिणीकडे गेली.

गुरुवार, ४ डिसेंबर

मिलिंद माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. "मीठ दे", "लाइट बिल आलंय." आज भांडी विसळताना पाठमोरे म्हणाले, "तू मला खोटं पाडलंस."

मी म्हटलं, तुम्हाला नाही. तुम्हाला जे बोलावं लागलं त्याला.

"मला बोलावं लागलं नव्हतं. मला पोरीचं लग्न हवं होतं." मग टॉवेल खांद्यावर टाकून, "आणि तो बाप चांगला माणूस वाटला. म्हणून जास्त त्रास होतो."

प्रा.चे मेसेज येतात, एक ओळीचे. 'जेवले.' 'ऑफिसात आहे.' मी 'बरं' पाठवते. अजून काय पाठवू?

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी कार्तिक आला. एकटा. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसला. मीही पायरीवर बसले. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, दाढी वाढलेली.

"आंटी, चूक माझी. सांगायला हवं होतं. दर वेळी घरी गेलो की ठरवायचो, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं की अम्मा इतकी खूश असायची…"

मी विचारलं, ते हॉटेल कुणी निवडलं?

"मीच. म्हटलं, तिथे सगळ्यांचे हात गुंतलेले असतात. कुणी फार विचारत नाही." आणि हसला, मग तोंड फिरवलं.

आई त्याच्याशी फोनवर बोलत नाही. वडील बोलतात, पण फक्त तलावाचं, झिंग्यांच्या खाद्याचं, पाण्याचं.

मी म्हटलं, तू काय करणार? म्हणाला, "मी प्राजक्ताला सोडणार नाही. पण ती म्हणते, तू आधी माझ्यासाठी एकदा तरी तोंड उघड. त्या टेबलावर तू 'अम्मा' एवढंच म्हणालास."

म्हणजे पोरीचा राग एकट्या माझ्यावर नाही. हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. चहा दिला. पायरीवरच प्यायला, कप विसळून ठेवला.

मंगळवार, १६ डिसेंबर

प्रा. काल घरी आली. माझ्या ताटातली भाकरी मोडून घेतली आणि खाल्ली. मी हललेसुद्धा नाही, ती उठून जाईल म्हणून.

आज विजयाला सगळं सांगितलं. इतके दिवस टाळत होते. ऐकून ती म्हणाली, "ती बाई हात धुवायला गेली ना? मला माहितीय ती आत जाऊन काय करत असेल. नळ सोडून नुसती उभी असेल." आणि थोड्या वेळाने, "मी उभी राहायचे."

तिने खुर्ची परत फिरवली त्यानंतर पहिल्यांदा बोललो त्यावर. ती जायच्या वेळी.

बुधवार, २४ डिसेंबर

माझी हरकत नोंदवून घेतली. आबिड्सच्या पोस्टातून शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांना रजिस्टर पत्र टाकलं होतं, त्यांचं उत्तर आलं. थरथरत्या अक्षरात, ही मुलगी माझ्या वर्गात होती. साहेब म्हणाले, चालेल की नाही सांगता येत नाही. सुनावणी कधी, तेही सांगता येत नाही.

प्रा. कार्तिकला भेटते. कधी हसत येते, कधी दार आपटत. मी विचारत नाही. रोज आल्यावर तीच विचारते, "भीमावरमहून काही?" मी मान हलवून नाही म्हणते.

मंगळवार, ६ जानेवारी २०१५

दुपारी शिपाई म्हणाला, खाली कुणी भेटायला आलंय. उतरले तर सुब्बारावगारू. एकटे. पांढरा शर्ट, हातात रिकामी कापडी पिशवी.

स्टेशनसमोरच्या इराणी हॉटेलात गेलो. दोन चहा. त्यांनी पिशवीची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला तुमचा राग आला होता. ही काय जेवता जेवता सांगायची गोष्ट आहे?"

मी म्हटलं, "जेवता जेवताच विचारलीत."

त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्यासारखी.

म्हणाले, बायकोला न सांगता आलो. कार्तिकने गेल्या आठवड्यात घरी जाऊन सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच. आईसमोर उभं राहून. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली. "म्हणजे तयार झाली असं नाही. तिला भूक लागली एवढंच."

मी म्हटलं, आणि तुम्ही?

"मी तुमच्या मुलीला मुलगी म्हणेन. म्हणेनच. पण माझ्या घरात मी एकटा नाही. भाऊ आहेत, वहिन्या आहेत, एक अंगण आहे. ती माझ्या भावाच्या सुनेची गोष्ट तुम्ही ऐकलीत ना? ती मुलगी समोरच्या घरात राहते. दोन वर्षांत तिला आमच्यातल्या कुणी नावाने हाक मारली नाही. मी रोज सकाळी तिला बघतो, झाडताना. मीही मारली नाही."

हे सांगताना ते कपाकडे बघत होते. चहावर साय धरली होती.

"तेव्हा मी मुलाचा बाप म्हणून आलेलो नाही. तुम्हाला विचारायला आलोय. तुम्ही त्या अंगणात तुमची मुलगी पाठवाल का?"

एक महिना मी मनात उत्तरं तयार करत होते. ते नाही म्हणाले तर काय बोलायचं, अटी घातल्या तर काय, माफी मागितली तर काय. हा प्रश्न माझ्याकडे येईल असं एकदाही वाटलं नव्हतं.

ते थांबले. मग उठले. "घाई नको. पण जे वाटेल तेच सांगा. मला इकडून तिकडून पुसून सांगितलेलं बरंच ऐकायला मिळतं." ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडायला आले आणि स्टेशनाकडे गेले. वळून बघितलं नाही.

मी वर जाऊन एका फाइलवर तीनदा तीच टिपणी लिहिली. विजयाने विचारलं, कोण होते? मी म्हटलं, नंतर.

आता सव्वासहा. मिलिंद भाजी आणायला गेलेत. प्रा. सातला येते. सुब्बारावगारू येऊन गेले हे तिला सांगायचं आहे. ते काय विचारून गेले, ते सांगू का? सांगितलं तर ती म्हणेल, मी जाईन, मी बघून घेईन सगळ्यांना. ती म्हणेलच. सव्वीस वर्षांची आहे, आणि तिला अजून कुणी भिंतीकडे तोंड करून डबा खाऊन दाखवलेला नाही. माझं 'हो' ती गृहीत धरेल. माझं 'नाही' मला अजून स्वतःलाही ऐकू आलेलं नाही.

आणि तो माणूस खरं बोलला. खोटं बोलला असता तर मी आज पेढे घेऊन घरी आले असते.

फाटक वाजलं. पावलं प्रा.ची. सात वाजायला अजून बराच वेळ आहे.